सोलापुरातलं घरगुती वीजबिल: युनिट नेमके जातात कुठे, आधी काय बदलायचं, सौर किती बसवायचं

शेळगीकर

चार माणसांच्या घराचा हिशेब मांडतोय. स्लॅबचं घर, वर गच्ची उघडी. साधे पंखे ४, २४० लिटरचा फ्रिज, मोठा कूलर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स, वायफाय, १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर, १ एचपीची पाण्याची मोटर, १५ लिटरचा गिझर (उन्हाळ्यात बंद), वॉशिंग मशीन. एप्रिलचे युनिट २६८. एसी नाही. एसी नसताना इतके युनिट कशाला जायलेत, आणि ते १८०-१९० वर आणायचे असतील तर सुरुवात कुठून करायची? एलईडी दिवे आधीच लावलेत. कार्बनचाही हिशेब कुणी नीट सांगितला तर हवा आहे.

मीटर_आणि_मोजमाप

अंदाजाने काही बदलू नका, आधी मोजा. वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही, मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवाच पुरतो. मीटरच्या तोंडावर ३२०० आयएमपी प्रति केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतं, तेही बघून घ्या. ३२०० असेल तर तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट झालं.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून १० लुकलुक किती सेकंदांत होतात ते मोजा. पहिली लुकलुक शून्य धरायची, नाहीतर हिशेब एकाने चुकतो. ३२०० च्या मीटरला ११२५० भागिले सेकंद म्हणजे त्या क्षणाचे वॅट. १५ सेकंद लागले तर ७५० वॅट, ७५ सेकंद लागले तर १५० वॅट. १६०० च्या मीटरला वर २२५०० घ्या, ६४०० ला ५६२५.

आता सगळं बंद करून एकेक वस्तू चालू करत जा आणि प्रत्येक वेळी फरक लिहून ठेवा. फ्रिजला ही रीत चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधे मधे बंद पडतो. त्यासाठी रात्री बाकी सगळं बंद ठेवून दोन तासांचं रीडिंग घ्या, किंवा प्लगमध्ये बसणारं छोटं वॅटमीटर २४ तास लावून ठेवा.

तुमच्या यादीवरून एप्रिलचा आकडा असा बसतो. दोन पंखे रोज १६ तास आणि दोन ८ तास धरले, साध्या पंख्याला ७५ वॅट, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. कूलर १८० वॅटने रोज ९ तास, ४९. फ्रिज ३३ च्या आसपास. इन्व्हर्टर १८. टीव्ही १२, सेट-टॉप बॉक्स ११, वायफाय ७, दिवे ८, मोटर १०, वॉशिंग मशीन आणि मिक्सर मिळून ८. बेरीज २६४. तुमच्या २६८ ला हे जवळजवळ जुळतं. म्हणजे गळती किंवा मीटरची गडबड शोधायची गरज दिसत नाही. चाळीस टक्के युनिट पंख्यांत आहेत.

जुळे_सोलापूर_ताई

पण १०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महागड्या दराने लागतं ना? मग १०० च्या आत येत नसेल तर २६८ काय आणि १८३ काय, फार फरक पडणार नाही.

मीटर_आणि_मोजमाप

तसं नाही ताई. हा गैरसमज सोलापुरात घरोघरी आहे आणि त्यामुळे लोक बचत करायचंच सोडून देतात. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे एकावर एक बसतात. पहिले १०० युनिट प्रत्येकाला पहिल्याच दराने. १०१ ते ३०० मधले जेवढे असतील तेवढेच दुसऱ्या दराने. मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे. दर अधूनमधून बदलतात, तुमच्या बिलाच्या मागच्या पानावर चालू दर असतो तोच धरा. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा) धरून पहिला टप्पा सहा रुपयांच्या आसपास आणि दुसरा अकरा-साडेअकराच्या आसपास पडतो, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के वीज शुल्क.

बचतीचा हिशेब कायम सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने करायचा, सरासरी दराने नाही, कारण कमी होणारा युनिट वरूनच कमी होतो. शेळगीकरांचा एप्रिल बघा. पहिले १०० युनिट सुमारे ५९० रुपये, उरलेले १६८ सुमारे १९०० रुपये, स्थिर आकार १३० च्या आसपास, वर शुल्क. इंधन समायोजन आकार सोडून ३००० च्या पुढे जातं. यातले ८५ युनिट कमी झाले की प्रत्येक युनिटमागे शुल्कासकट १३ रुपये वाचतात, म्हणजे त्या महिन्यात ११०० रुपये. वापर एक तृतीयांशही कमी झालेला नाही, पण बिल एक तृतीयांशाहून जास्त उतरतं.

आणखी एक बघा. बिलावर रीडिंगचा फोटो आणि तारीख असते. मीटर बंद घरात असलं किंवा रीडिंग घेतलं गेलं नाही की सरासरीने बिल येतं आणि पुढच्या महिन्यात सगळे युनिट एकदम पडतात. तेव्हा दोन महिन्यांचे मिळून टप्पे दुप्पट धरले गेलेत का ते तपासा, म्हणजे पहिल्या दराचे २०० युनिट मिळायला हवेत. नसतील तर उपविभागात लेखी अर्ज द्यायचा. रीडिंग चुकणार असं वाटलं तर महावितरणच्या ॲपवर स्वतः फोटोसह टाकता येतं.

वायरमन_अशोकचौक

पंख्यांबद्दल. साधा पंखा ७० ते ८० वॅट, बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा) फुल स्पीडला २८ ते ३५ वॅट. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. वरच्या टप्प्यात असाल तर २६० रुपये. पंखा अडीच-तीन हजारांचा. आपल्याकडे फेब्रुवारी ते नोव्हेंबर पंखा थांबत नाही, त्यामुळे जास्त चालणाऱ्या खोलीतल्या पंख्याचे पैसे वर्षभरात निघतात. दिवसाला दोन तास चालणाऱ्या खोलीतला पंखा बदलू नका, तो खराब झाल्यावर बदला. चारही एकदम घ्यायची घाई करण्यापेक्षा हॉल आणि झोपायच्या खोलीतला आधी.

बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे जुना रेग्युलेटर तसाच ठेवणं. बीएलडीसीच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो, त्याला कापलेलं व्होल्टेज दिलं की पंखा घुरघुरतो, स्पीड वर-खाली होतो आणि काही महिन्यांत आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. रेग्युलेटर काढून तिथे वायर थेट जोडायची, स्पीड रिमोटवरून. ज्यांना भिंतीवरूनच स्पीड बदलायचा आहे, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर, त्यांनी रेग्युलेटरवर चालणारं बीएलडीसी मॉडेल मागून घ्या, ते मिळतं. व्होल्टेज फार उसळत असलेल्या भागात कार्डची वॉरंटी किती वर्षांची ते विचारूनच घ्या. मोटरच्या वॉरंटीत कार्ड असतंच असं नाही.

इन्व्हर्टरकडे लोक बघतच नाहीत. लाइट असताना सुद्धा तो १५ ते ३० वॅट खात बसतो. २० वॅट धरले तरी महिन्याला १४ युनिट. बॅटरीत घातलेली वीज परत निघताना बरीच वाया जाते, १ युनिट वापरायला साधारण दीड युनिट भरावं लागतं. बॅटरी म्हातारी झाली की ती भरतच नाही, चार्जर मात्र करंट देतच राहतो. ओळखायचं कसं? लाइट न जाताही बॅटरी हाताला गरम लागते, डिस्टिल्ड पाणी दर महिन्याला घालावं लागतं, आणि लाइट गेल्यावर बॅकअप तासाभरातच संपतो. अशी बॅटरी महिन्याला ३०-४० युनिट सहज खाते. मीटरच्या लुकलुकीवर इन्व्हर्टरचा इनपुट बंद-चालू करून बघा, बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४० वॅटपेक्षा जास्त ओढत असेल तर सेलचं पाणी आणि ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) तपासून घ्या.

पूर्वभाग

आमच्या गल्लीत बऱ्याच घरांचा एकच प्रश्न आहे, मीटर जास्त पळायलंय म्हणून. विशेषतः मीटर बदलून दिल्यावर. खरंच जास्त पळतंय की नाही हे घरच्या घरी कळतं का?

वायरमन_अशोकचौक

कळतं दादा. दोन तपासण्या करायच्या.

पहिली, मेन चालू ठेवून आतले सगळे एमसीबी खाली पाडा. दिवा लुकलुकायचं थांबलं पाहिजे. काही मीटरमध्ये लोड नसताना तो सतत पेटून राहतो, त्याला घाबरू नका, लुकलुक होता कामा नये. होत असेल तर एमसीबीच्या अलीकडून कुठेतरी वायर गेली आहे किंवा न्यूट्रल दुसऱ्याच्या लाइनमध्ये मिसळलाय. जुन्या वाड्यांत आणि एका जागेत दोन-तीन मीटर असलेल्या घरांत हे फार. हल्लीची मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतात आणि जो जास्त त्यावर युनिट मोजतात. शेजारच्या खोलीचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडलेला असेल तर तिचा करंट तुमच्या मीटरमधून परत जातो आणि तुमचे युनिट वाढतात. मीटरवर अर्थ लीकेजचा दिवा किंवा खूण पेटलेली दिसली तर पहिला संशय हाच घ्या. अर्थिंगलाच न्यूट्रल म्हणून वापरलेलं असलं तरी तोच प्रकार, आणि ते जिवाला धोक्याचं आहे. ही दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच वेळी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

दुसरी, माहीत असलेला लोड लावून बघा. बाकी सगळं बंद, फक्त १५०० वॅटचा हीटर रॉड पाण्याच्या बादलीत. ३२०० च्या मीटरला २० लुकलुक १५ सेकंदांत व्हायला पाहिजेत. १६-१७ सेकंद लागले तरी घाबरायचं नाही. इस्त्री घेऊ नका, तिचा थर्मोस्टॅट मधेच तोडतो. व्होल्टेज मात्र सोबत मोजा. २३० ऐवजी २०० असेल तर तोच रॉड ११३० वॅटच ओढतो आणि वेळ २० सेकंदांपर्यंत जातो. तो मीटरचा दोष नाही. उलट व्होल्टेज नीट असताना १२-१३ सेकंदांत २० झाले तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. तपासणीचा अहवाल लेखी मागून घ्या. समाधान झालं नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत.

जुळे_सोलापूर_ताई

उन्हाळ्याचं बोला आता. पारा बेचाळीसच्या वर जातो, संध्याकाळी गच्चीखालची खोली भट्टी होते. कूलर ठेवावा की एसी घ्यावा?

मीटर_आणि_मोजमाप

मार्च ते मे आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर इथे मनापासून काम करतो. १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिटएवढी उष्णता ओढून घेतं. तासाला ८ लिटर पाणी उडवणारा कूलर १८० वॅटमध्ये पाच किलोवॅटच्या पुढे उष्णता खेचतो. तेवढ्यासाठी दीड टनाचा एसी एक ते दीड किलोवॅट घेईल.

पण कूलरला खिडकी उघडी लागते. बंद खोलीत लावला की अर्ध्या तासात हवा दमट होते, घाम वाळत नाही, मग लोक म्हणतात कूलर चालत नाही. कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, आणि त्याच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडं. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

दुसरी अडचण पाण्याची, ती आपल्याकडे विजेपेक्षा मोठी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात रोज ६०-७० लिटर कूलरला घालणं परवडत नाही. बोअरचं पाणी वापरलं तर जाळीवर पांढरा थर बसतो, पाणी सरकत नाही आणि पंप अडकतो. टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढा, नुसतं भरत राहिलात तर क्षार साठत जातात, आणि डासांच्या अळ्याही. गवताची जाळी दर हंगामाला नवी. मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी दोन-तीन हंगाम टिकते, पण जड पाण्यात तीही लवकर चोंदते.

एसीच घ्यायचा असेल तर इन्व्हर्टर प्रकारचा, पाच तारेवाला, २४ ते २६ वर आणि वर पंखा चालू. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज कमी लागते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. महत्त्वाचं हे की कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र कधी नाही. कूलरने हवेत सोडलेलं पाणी एसीला थंड करून पुन्हा थेंबांच्या रूपात बाहेर काढावं लागतं, दोन्हींचं बिल तुम्ही भरता.

गच्चीवाला

यंत्र घेण्याआधी छपराकडे बघा, माझं आग्रहाचं म्हणणं आहे. जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या घरांत दुपारी झोप लागायची, कारण वर जाड मातीचा थर. आपण काँक्रीटचा स्लॅब केला, तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली आग सोडतो. म्हणून तर रात्रीचा पंखा पाचवर.

फेब्रुवारीच्या शेवटी गच्ची झाडून, धुऊन, भेगा भरून घ्या. मग चुना. ५ किलो विझवलेला चुना १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, त्यात पाव किलो फेविकॉल पाण्यात पातळ करून मिसळायचा. पहिला हात पातळ, तो वाळल्यावर दुसरा आडवा, तिसरा उभा. स्लॅब आधी ओला करून मगच हात मारा, कोरड्या तापल्या स्लॅबवर मारलेला चुना पावडर होऊन उडतो. काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. पावसात हा थर बराचसा धुऊन जातो, दरवर्षी परत करावा लागतो. तो खर्च नको असेल तर उष्णता परतवणारा तयार रंग तीन-चार वर्षे टिकतो, पण त्यावर धूळ बसली की गुण जातो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये एकदा-दोनदा झाडा.

पत्र्याच्या घराला वरून पांढरा रंग आणि खाली वीतभर पोकळी सोडून सिलिंग. पोकळीला दोन्ही बाजूंना जाळी ठेवा, हवा खेळली पाहिजे, नाहीतर तिथेच गरम हवा कोंडते. सिलिंगला थर्माकोल लावू नका, वायरिंगजवळ पेट घेतो.

शेळगीकर

फ्रिज आणि गिझरचं काय? हिवाळ्यात पंखे कमी होऊनही बिल १५० युनिटच्या खाली येत नाही.

मीटर_आणि_मोजमाप

ते गिझरमुळे. २० लिटरची कोमट बादली, पाणी २४ अंशांवरून ४० वर न्यायचं, तर ०.३७ युनिट लागतं, विजेच्या कुठल्याही गिझरने लागतंच. चार बादल्या म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५. इन्स्टंट ३ किलोवॅटचा आणि स्टोरेज २ किलोवॅटचा, यात पाणी तापवायची वीज सारखीच. स्टोरेज चालूच ठेवला तर टाकीतून उष्णता झिरपते, तिथे दिवसाला आणखी पाऊण-एक युनिट. अंघोळीच्या २०-२५ मिनिटं आधी लावा, सगळ्यांनी लागोपाठ उरका, बंद करा. थर्मोस्टॅट ५०-५५ वर पुरे. त्याच्या वर आपलं जड पाणी कॉइलवर खडूसारखा थर फार लवकर बसवतं. थर बसला की कॉइल जास्त तापून जळते, आणि गिझरमधून कडकड आवाज यायला लागतो. तो आवाज आला की टाकी उघडून साफ करून घ्या, मॅग्नेशियमचा रॉड संपला असेल तर बदला.

सौर बंब इथे सगळ्यात सरळ उपाय. चार माणसांना १०० लिटर पुरतो. जड पाण्यात काचेच्या नळ्यांचा घ्या, कारण तांब्याच्या बारीक नळ्यांचा पॅनल क्षारांनी बंद होतो. काचेच्या नळ्यांतही तळाला गाळ बसतो, दोन वर्षांतून एकदा नळ्या काढून धुवाव्या लागतात. आणि बंबापासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपला उष्णतारोधक नळी हवीच, नाहीतर रोज सकाळी पहिली बादलीभर गार पाणीच येतं.

फ्रिजचं थोडक्यात. भिंतीपासून चार बोटं नाही, वीतभर लांब. गॅसच्या ओट्याशेजारी नाही. दारात कागद अडकवून ओढा, सहज सुटला तर रबर बदला. बर्फाचा थर ५ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

सौर_सोलापूर

आता सौर पॅनल. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट आणि पुढे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेची भर आहे, त्यांनी ती आधी तपासावी. अनुदानाला भारतीय बनावटीच्या सेलचे पॅनलच लागतात, कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ असं लिहून घ्या.

आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतो, महिन्याला १२०. पण विक्रेता म्हणेल तेवढं मोठं घेऊ नका. तुमचे वरचे युनिट १३ रुपयांचे, पहिले १०० सातचे. पहिल्या किलोवॅटने महाग युनिट जातात, पुढच्याने स्वस्त. आणि वर्षाअखेर, ३१ मार्चला उरलेल्या जादा युनिटला मिळणारा भाव किरकोळ असतो. शेळगीकर, तुम्ही आधी पंखे आणि इन्व्हर्टर करा, वर्षाची सरासरी १५०-१६० वर येईल, मग दीड किलोवॅट भरपूर. उलट क्रमाने गेलात तर ३ किलोवॅटला पैसे घालाल आणि अर्धी वीज फुकट द्याल. शून्य बिलाचं आश्वासन कुणी दिलं तरी स्थिर आकार राहतोच.

कुठे बिघडतं ते सांगतो. बिलावर आजोबांचं नाव असतं आणि अर्ज नातवाचा, तिथेच अडकतं. आधी नावबदल करा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनलचा एक तृतीयांश भाग बंद पडतो. सकाळी ९ ते ४ सावली कुठे फिरते ते डिसेंबरच्या उन्हाने ठरवा, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. तोंड दक्षिणेला, कल १७-१८ अंश. पॅनलचं तापमान मे महिन्यात ६५ अंशांवर जातं आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्क्याच्या आसपास उत्पादन घटतं, म्हणजे दुपारी १४ टक्के कमी. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवू नका, खालून वारा जाईल इतके उंच ठेवा. खालच्या खोलीला सावलीही मिळते. अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे, एसी (घरच्या लाइनच्या बाजूचा), डीसी (पॅनलच्या बाजूचा) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही वायर गेल्या तर पैसे देऊ नका.

धूळ पंधरवड्याने धुवा, सकाळी लवकर, थंड पॅनलवर. बोअरच्या पाण्याने धुतलं तर डाग पक्के बसतात, नळाचं पाणी घ्या आणि रबरी पट्टीने निपटून काढा. आणि लाइट गेली की ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जोडलेलं सौरही बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच केलेलं आहे.

जुळे_सोलापूर_ताई

म्हणजे गॅस सोडून इंडक्शनवर गेलं की कार्बन कमी होतो का?

सौर_सोलापूर

ग्रिडच्या विजेवर नाही होत ताई. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटएवढी उष्णता असते, शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या थोडी वर भांड्याला लागते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १३० युनिट लागतील. देशाच्या ग्रिडवर दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे ९० किलो. सिलिंडर जाळल्याने ४२-४३ किलो. पैशातही दुसऱ्या टप्प्यात १३० युनिटचे १७०० रुपये होतात. छतावर सौर असेल आणि दुपारचा स्वयंपाक त्या वेळात होत असेल तर मात्र इंडक्शन दोन्हीकडून जिंकतं.

शेळगीकरांचे २०० युनिट सरासरी धरले तर वर्षाला १७०० किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या विजेचा. आणि आपल्याला हे दूरचं नाही. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, त्याला थंड करायचं पाणी उजनीचं. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे ३ लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. ज्या धरणावर आपला नळ आहे त्याच धरणावर ते आहे, म्हणून मला वाचलेला युनिट दुप्पट मोलाचा वाटतो.

पूर्वभाग

घरात शिलाईची मशीन आहे, युनिफॉर्मचं काम येतं. दिवसभर मोटर घूंऽऽ करत राहते. ते घरगुती मीटरवर चालतं का, आणि बिल कसं कमी करायचं?

वायरमन_अशोकचौक

घराच्या एका भागात व्यवसाय आणि महिन्याला ३०० युनिटच्या आत, मागच्या आर्थिक वर्षात ३६०० च्या आत वापर असेल तर घरगुती दर लागू होतो, राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातच तसं आहे. त्याच्या वर गेलात आणि तपासणी झाली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, म्हणून वर्षाची बेरीज वहीत ठेवा. यंत्रमागाला हे लागू नाही दादा, त्याचं वेगळं कनेक्शन आणि वेगळा दर असतो, घरच्या मीटरवर माग जोडू नका.

मोटर क्लचची असेल तर ती पाय न दाबताही फिरत राहते. शिवणं चालू असतं थोडा वेळ, कापड लावणं, दोरा ओवणं, बाही फिरवणं जास्त वेळ, आणि त्या सगळ्या वेळात वीज जातच असते. तिच्या जागी सर्वो मोटर बसवा, ती पाय दाबला तरच फिरते. निम्म्याहून जास्त वीज वाचते, आवाजही जातो. बसवताना जुन्या पुलीचा व्यास मोजून न्या, पुली मोठी बसली तर मशीन उधळतं आणि टाका तुटतो. पट्टा बोटाने दाबला तर अर्धा इंच खाली जावा, त्यापेक्षा ताणलात तर बेअरिंग जातं. स्पीडची कमाल मर्यादा बटणाने आधी कमी ठेवून द्या, हात बसला की वाढवा.